क्वाड्रो की गेमिंग? कॅडसाठी कार्ड घेण्याआधी तुमची फाइल उघडून बघा

ग्राफिक कार्डवरचा व्हिडिओ अकरा मिनिटांत संपवायचा होता, त्यामुळे बऱ्याच गोष्टी नुसत्या चाटून पुढे गेलो. त्या इथे नीट लिहितोय. जरा मोठं होईल, चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, पावसाने नुकताच जोर धरला होता तेव्हा ताम्हिणीहून आमच्या गावचे एक काका मुलाला घेऊन पौडच्या दुकानात आले. मुलगा आयटीआयमधून मेकॅनिकल ड्राफ्ट्समन झालेला. पिरंगुटकडच्या एका शीटमेटल वर्कशॉपचं ड्रॉइंगचं काम त्याला घरी बसून मिळणार होतं. काकांचं घर रस्त्यालगत आहे, पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्यांना जेवण करून देतात, बाकी भातशेती. हातात एक कोटेशन, घडी घालून घालून मऊ झालेलं. रक्कम एक लाख शहाऐंशी हजार. त्यातले जवळजवळ निम्मे पैसे एकट्या ग्राफिक कार्डाचे: आरटीएक्स ए-४०००, १६ जीबी.

काका म्हणाले, "ह्यो म्हणतो त्या क्वाड्रोबिगर काम व्हायचं न्हाय. तू आपल्या गावचा. खरं सांग, येवढं लागतंय का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण सहा वर्षांपूर्वी याच प्रश्नाचं उत्तर मी फाडकन दिलं होतं, आणि ते चुकलं होतं.

तेव्हा दुकान नवीन होतं. उरवड्याच्या एका फॅब्रिकेशनवाल्यांना तीन मशीन हव्या होत्या. ते कन्व्हेयर डिझाइन करायचे. मी छातीठोक सांगितलं, "साहेब, क्वाड्रो म्हणजे नुसता नावाचा पैसा. त्याच पैशात दुप्पट ताकदीचं गेमिंग कार्ड देतो." दिलं. तिसऱ्या आठवड्यात फोन. चौदाशे पार्टची असेंब्ली फिरवताना अडकत होती, समोरची कड निवडायला गेलं की मागचीच उजळायची, आणि दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्या की एक काळी पडायची. सॉफ्टवेअरचे पैसे रीतसर भरलेले, म्हणून त्यांनी सपोर्टला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न: कार्ड कुठलं? यादीत नाही म्हटल्यावर पुढे बोलणंच बंद. आधी कार्ड बदला, मग बघू. या सगळ्यात त्यांची ड्रॉइंग द्यायची तारीख हुकली. मालक ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं होतं." तिन्ही कार्डं परत घेतली. दोन पडत्या भावात विकली, एक अजून माझ्या ट्रेनिंगच्या मशीनमध्ये आहे. मुद्दाम ठेवलंय.

पण यावरून "कॅड म्हणजे क्वाड्रोच" असं ठरवलंत तर तेही तितकंच चूक. आता कारण सांगतो.

चिप तीच, मग पैसे कशाचे?

आधी नावाचं बोलू. क्वाड्रो हे नाव एनव्हिडियाने २०२० पासूनच्या नव्या कार्डांवरून काढून टाकलं. मग नुसतं आरटीएक्स ए-२०००, ए-४०००, त्यानंतरच्या पिढीत आरटीएक्स २००० एडा अशी नावं आली. आपल्या बाजारात मात्र सगळे अजून क्वाड्रोच म्हणतात, मीही म्हणतो. एएमडीची आधी फायरप्रो होती, २०१६ पासून रेडिऑन प्रो.

आता दोन कार्डं शेजारी ठेवा. आरटीएक्स ३०६० हे गेमिंगचं, फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. आरटीएक्स ए-२००० हे व्यावसायिक, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं. दोन्हींच्या आत एकच चिप आहे, जीए-१०६. उलट गेमिंगवाल्यात जास्त भाग चालू ठेवलेत: ३५८४ कोअर. व्यावसायिकात ३३२८. मेमरी गेमिंगला १२ जीबी, व्यावसायिकाला सुरुवातीला ६ जीबी. आणि किंमत? अमेरिकेत गेमिंग कार्ड ३२९ डॉलरला आलं, व्यावसायिक ४४९ डॉलरला. म्हणजे कोअर कमी, मेमरी निम्मी, पैसे जास्त. पुढच्या पिढीतही तेच: आरटीएक्स ४०६० आणि आरटीएक्स २००० एडा, दोन्हींत चिप एकच. कोटेशन हातात घेऊन ज्याला हे पहिल्यांदा कळतं, त्याला आपण फसवले जातोय असंच वाटतं. मलाही २०१९ मध्ये तसंच वाटायचं.

फरक आहे तो बहुतांशी ड्रायव्हरमध्ये. ड्रायव्हर म्हणजे कॅड सॉफ्टवेअर आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. गेममध्ये काय असतं? भिंती, झाडं, माणसं, सगळं रंग चढवलेल्या त्रिकोणांचं, आणि सेकंदाला साठ-शंभर वेळा नवीन चित्र. एखाद्या चित्रात एक रेघ तुटली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कॅडमध्ये उलटं. लाखो बारीक रेषा, कडा, आरपार दिसणारे पार्ट, कापून आतून दाखवलेला भाग, एकाच वेळी चार खिडक्यांत चार बाजू. आणि माणूस त्या एका रेषेवरच क्लिक करणार असतो. सॉलिडवर्क्स, क्रिओ, सिमेन्स एनएक्स, कॅटिया ही मंडळी वर्षानुवर्षं ओपनजीएल नावाच्या पद्धतीने चित्र काढत आली. त्या पद्धतीतली रेषांची, दोन्ही बाजूंनी उजेड दाखवायची, एकावर एक खिडक्यांची कामं व्यावसायिक ड्रायव्हरमध्ये वेगाने होतील अशी बसवलेली असतात. गेमिंगच्या ड्रायव्हरमध्ये ती एक तर सावकाश होतात, नाही तर त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नसतं.

हा फरक लोखंडाचा नसून सॉफ्टवेअरचा आहे याचा पुरावा खुद्द कंपनीनेच दिला. जून २०१७ मध्ये एएमडीने व्हेगा फ्रंटिअर एडिशन हे कार्ड आणलं, गेम आणि व्यावसायिक काम दोन्हीसाठी म्हणून. पुढच्याच महिन्याच्या शेवटी एनव्हिडियाने टायटन एक्सपी या आपल्या महागड्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर काढला आणि जाहीर केलं, की माया वगैरे व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये वेग तिपटीपर्यंत वाढेल. कार्ड लोकांच्या घरी तेच होतं, एक स्क्रूही बदलला नव्हता. समोर स्पर्धा आली आणि कुलूप उघडलं! त्याच्याही आधी, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, सॉफ्टक्वाड्रो नावाची एक जुगाडू युक्ती फिरायची. साधं जीफोर्स कार्ड आपण क्वाड्रो असल्याचं ड्रायव्हरला सांगायचं, आणि ड्रायव्हर ते मानायचा. हे आज करायला जाऊ नका, तो काळ गेला. पण पैसे कशाचे घेतले जातात ते यावरून समजतं.

अर्थात सगळेच पैसे कुलपाचे नाहीत. दुसरा भाग आहे सर्टिफिकेशनचा. कॅड बनवणारी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरची एकेक आवृत्ती, एकेक कार्ड आणि एकेक ड्रायव्हर घेऊन तपासते आणि यादी छापते. यादीत तुमचं कार्ड असेल तर बिघाड झाल्यावर ते टाळू शकत नाहीत. उरवड्याच्या साहेबांना मी हेच न देता मशीन दिली होती. (आपल्या तालुक्याची एक गंमत सांगतो: सॉलिडवर्क्स आणि कॅटियाची मालक दासो सिस्टिम्स फ्रान्सची, पण तिची जॉमेट्रिक कंपनीबरोबर २००२ मध्ये सुरू झालेली थ्रीडी पीएलएम ही भागीदारी वाढली ती हिंजवडीत. आणि हिंजवडी म्हणजे तालुका मुळशीच. ताम्हिणीच्या पोराला जे सॉफ्टवेअर परदेशी वाटतं, त्यावर काम करणारी माणसं एकाच तहसीलदाराच्या हद्दीत बसतात.)

आता एक कडू गोष्ट. सॉफ्टवेअर चोरीचं असेल तर सर्टिफाइड कार्डाला काही अर्थ नाही. सपोर्टला फोन करणार तरी कुठल्या तोंडाने? वर्षाला येणारे दहा-वीस लोक चोरीच्या सॉफ्टवेअरसाठी सर्टिफाइड कार्ड मागतात. मी हसत नाही, पण विकतही नाही.

एक गैरसमज मात्र कायमचा काढून टाका. "गेमिंग कार्डवर मापं चुकतात" असं सांगून कार्ड विकणारे आहेत. मापं कार्ड काढतच नाही. भोक किती मिलिमीटरवर आहे, बेंड नंतर पत्रा किती लांब भरेल, हे सगळं गणित प्रोसेसरवर, सॉफ्टवेअरच्या आतल्या भूमितीच्या इंजिनात होतं. सॉलिडवर्क्समध्ये ते पॅरासॉलिड नावाचं आहे, ऑटोकॅडचं स्वतःचं वेगळं आहे. कार्ड फक्त चित्र दाखवतं. कार्ड खराब असेल तर रेघ वाकडी दिसेल, पण लेझर कटिंगला जाणाऱ्या डीएक्सएफ फाइलमध्ये ती सरळच जाईल. मग धोका कुठे आहे? चुकीची कड निवडली गेली आणि तुमच्या ध्यानात आलं नाही, तर आहे. तो माणसाचा आणि पडद्याचा प्रश्न, गणिताचा नाही.

तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या पंगतीतलं?

पहिली पंगत टूडी ऑटोकॅडवाल्यांची, आपल्या भागात सगळ्यात मोठी. बंगल्यांचे प्लॅन, प्लॉटिंगचे लेआउट, मोजणीचे नकाशे. ऑटोकॅड ओपनजीएलवर नाही, मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सवर चित्र काढतं, म्हणजे गेम जिथे चालतात तिथेच. इथे व्यावसायिक कार्डाचा फायदा मला तरी कधी जाणवला नाही. पौडच्या एका सर्व्हेअरची फाइल उघडायला चार मिनिटं लागायची. तो कार्ड घ्यायला आला होता. बघितलं तर फाइलमध्ये स्कॅन केलेल्या नकाशांची मोठमोठी चित्रं जोडलेली, आणि जुन्या कामांचे न वापरलेले ब्लॉक साठलेले. पर्ज आणि ओव्हरकिल या दोन कमांड चालवल्या, चित्रं हलकी केली, फाइल पस्तीस सेकंदांत उघडली. तो कार्ड न घेता गेला. माझी विक्री गेली खरी, पण नंतर त्याने चार लोक पाठवले. या पंगतीला चांगला प्रोसेसर, एसएसडी आणि रॅम द्या. रेव्हिट आणि इन्व्हेंटरही डायरेक्टएक्सवरच आहेत, फक्त त्यांना रॅम जास्त लागते.

दुसरी पंगत रेंडरवाल्यांची. मुळशी धरणाच्या कडेने, कोळवण खोऱ्यात फार्महाऊस डिझाइन करणारे बरेच आर्किटेक्ट आहेत. स्केचअपमध्ये मॉडेल, मग लुमिऑन, एन्स्केप, ट्विनमोशन. ट्विनमोशन तर अनरिअल या गेमच्या इंजिनावरच बांधलेलं आहे. म्हणजे तुमचा बंगला हा एक गेमच, फक्त त्यात कुणी गोळीबार करत नाही. यांनी निःशंक गेमिंग कार्ड घ्यावं, आणि त्यात मेमरी जास्त बघावी. झाडं, गवत आणि तलावाचं पाणी टाकलं की ६ जीबी कधी भरली ते कळत नाही. बारीक रंगछटांसाठी लागणारा दहा-बिट रंगही आधी फक्त क्वाड्रोला मिळायचा, २०१९ च्या जुलैपासून एनव्हिडियाने तो स्टुडिओ ड्रायव्हरमधून गेमिंग कार्डांनाही दिला. या पंगतीने गेमिंगचा ड्रायव्हर न टाकता हा स्टुडिओ ड्रायव्हरच टाकावा. फुकट आहे.

तिसरी पंगत सॉलिडवर्क्स, क्रिओ, एनएक्स, कॅटियाची. व्यावसायिक कार्डाचा खरा प्रश्न इथेच. सॉलिडवर्क्समध्ये रिअलव्ह्यू म्हणून चकचकीत धातू दाखवणारी सोय आहे, ती यादीबाहेरच्या कार्डावर करडी पडते, दाबताच येत नाही. शीटमेटलवाल्याला तिचं फारसं काम नसतं, त्यामुळे तेवढ्यासाठी पैसे घालू नका. पण आवृत्ती २०१९ पासून सॉलिडवर्क्सने चित्र काढायची पद्धत बदलायला घेतली, प्रोसेसरवरचा भार कार्डावर ढकलला, आणि मोठ्या असेंब्लीत चांगलं कार्ड उपयोगी पडायला लागलं. मग मोठी म्हणजे किती? माझा अंदाज असा: शे-दोनशे पार्टपर्यंत कुठलंही बरं कार्ड चालतं, पाचशेच्या पुढे विचार करा, हजाराच्या पुढे यादी बघितल्याशिवाय पैसे काढू नका. हा नियम नाही. एका पार्टवर दोनशे बारीक छिद्रं असली तर तो एकटाच शंभर पार्टांना भारी पडतो.

दुकानात जाण्याआधी घरी करायची तपासणी

तुमच्या कामातली सगळ्यात जड फाइल उघडा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. आता मॉडेल माऊसने गोल-गोल फिरवत राहा आणि कार्डाचा आलेख बघा. नव्वद टक्क्यांच्या वर गेला आणि फिरवणं अडखळतंय, तर कार्ड कमी पडतंय. कार्ड पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत असेल तर दोष दुसरीकडे आहे.

इथे बरेच जण फसतात. ते प्रोसेसरचा आकडा बघतात, तो आठ टक्के असतो, आणि म्हणतात प्रोसेसरही मोकळाच आहे. अहो, कॅडचं बरंचसं काम एका वेळी एकाच कोअरवर चालतं. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण पिळला गेला तरी एकूण आकडा आठ टक्केच दिसतो. बारा माणसांच्या पंगतीत एकच वाढपी धावतोय असं समजा. आलेखावर उजवं बटन दाबून लॉजिकल प्रोसेसर दाखवायला सांगा. एक चौकोन माथ्याला टेकलेला आणि बाकीचे झोपलेले दिसले, तर ऐंशी हजारांचं कार्ड घालून एका सेकंदाचाही फरक पडणार नाही. जास्त कोअर नकोत, वेगवान कोअर हवा.

कडा नीट न दिसणं, खिडकी काळी पडणं, मध्येच बंद पडणं असली तक्रार असेल तर सॉलिडवर्क्समध्ये सगळ्या फाइली बंद करून सिस्टिम ऑप्शन्समध्ये परफॉर्मन्सखाली सॉफ्टवेअर ओपनजीएल चालू करा. फाइल उघडी असेल तर तो पर्याय बदलता येत नाही, म्हणून आधी बंद करा. आता कार्ड बाजूला झालं, सगळं प्रोसेसर काढतोय. सावकाश चालेल, पण दोष गेला तर तो कार्डाचा किंवा ड्रायव्हरचा. तसाच राहिला तर फाइलचा किंवा सॉफ्टवेअरचा. ऑटोकॅडमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद-चालू करून हेच बघता येतं.

आणि हो, सगळ्यात आधी मशीनच्या मागे वाकून बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय की कार्डाला? तीन महिने कार्ड बेकार म्हणून शिव्या घालणारा एक इंजिनिअर माझ्याकडे मशीन घेऊन आला होता. केबल दहा सेंटिमीटर खाली सरकवली. पैसे किती, विचारत होता. मी वडापाव मागितला.

ताम्हिणीत कार्ड निवडताना पाऊसही मोजा

पुण्यातल्या व्हिडिओत हे कुणी सांगणार नाही, कारण त्यांना लागत नाही. ताम्हिणी घाटात २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस देशातल्या कित्येक जिल्ह्यांत अख्ख्या वर्षात होतो. अशा दिवसांत आमच्याकडे वीज जाते, येते, परत जाते. आली तरी कधी कमी, कधी जास्त दाबाने.

आता हिशेब करा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट सोसतो. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी. कागदावर ती ८४ वॅट-अवर, प्रत्यक्षात हातात निम्मीच लागते. आरटीएक्स ३०६० एकटं कार्ड भर कामात १७० वॅटपर्यंत जातं, त्याला पॉवर सप्लायमधून वेगळी केबल लागते. प्रोसेसर आणि मॉनिटर धरून यूपीएस पाच-सात मिनिटांत मान टाकतो, जुना असेल तर लगेच. आरटीएक्स ए-२००० सत्तर वॅटवर चालतं, वेगळी केबल नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं. त्याहून लहान ए-४०० आणि ए-१००० पन्नास वॅटची. रेंडर न करता नुसतं ड्रॉइंग चालू असेल तर पंधरा मिनिटं सहज निघतात. फाइल सेव्ह करून मशीन रीतसर बंद करायला एवढी पुरे. म्हणजे आमच्याकडे व्यावसायिक कार्डाच्या बाजूने एक मुद्दा असा निघतो, जो सर्टिफिकेशनच्या कागदावर कुठेच नाही. गेमिंगमध्येही ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड सत्तर वॅटचं मिळतं, तेवढं लक्षात ठेवा.

हेच बुटकं, कमी विजेचं कार्ड ऑफिसमधल्या छोट्या डब्यातही बसतं. पुण्यात कंपन्यांनी काढून टाकलेले चांगले डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, पण त्यांचा पॉवर सप्लाय जेमतेम असतो. त्यात मोठं गेमिंग कार्ड बसतही नाही आणि पेलतही नाही.

ओलीचं म्हणाल, तर पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा आणि कोकणाकडच्या भिंतीला टेकवू नका. खोकं, सिलिका जेल वगैरे व्हिडिओत दाखवलंय.

सेकंडहँड क्वाड्रोबद्दल थोडक्यात. के-२०००, के-४००० अशी जुनी कार्डं तीन-चार हजारांत दिसतात आणि पोरं नावाला भुलतात. ती केप्लर पिढीची. एनव्हिडियाने त्या पिढीचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले, सुरक्षेचे अपडेटही २०२४ मध्ये संपले. कधीकाळी सर्टिफाइड होती, आजच्या आवृत्तीच्या यादीत नाहीत. गेमिंगची वापरलेली घेताना जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवून आतली चिप खरंच तीच आहे का ते बघा. स्टिकर एक आणि चिप दुसरी, असंही बाजारात असतं.

पैशाचा हिशेब

बीबीए केलं त्याचा उपयोग एवढाच, की वस्तूची किंमत तासात मोजायची सवय लागली. समजा जुन्या कार्डामुळे तुमची रोज पंधरा मिनिटं वाट बघण्यात जातात. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सव्वासहा तास. तुमचा तास अडीचशे रुपयांचा असेल तर महिन्याला साधारण १,५६० रुपये गेले. व्यावसायिक कार्डासाठी तीस हजार जास्त मोजत असाल तर ते एकोणीस-वीस महिन्यांत निघतात, तेही त्या कार्डाने खरोखर पंधरा मिनिटं वाचली तर. म्हणूनच आधी टास्क मॅनेजर.

बिल पक्कं घ्या. कार्डावर जीएसटी १८ टक्के. तुमची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल तर तो क्रेडिटमध्ये मिळतो, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. संगणकाला घसारा ४० टक्के मिळतो, पण अनुमानित योजनेत रिटर्न भरत असाल तर तो वेगळा दाखवता येत नाही. तुमच्या सीएला एकदा विचारून मगच "बिलाशिवाय स्वस्त देतो" म्हणणाऱ्याकडे जा. बहुधा जाणार नाही.

आता काकांकडे परत येतो. मी मुलाला विचारलं, "फाइल आणलीस का?" नव्हती. दोन दिवसांनी पेनड्राइव्ह घेऊन आला. वर्कशॉपचं लायसन्स रीतसर होतं, त्यांनी त्याला त्यावर काम करायची सोय दिली होती. इलेक्ट्रिक पॅनेलचा डबा, एकशे साठ पार्ट, बहुतेक वाकवलेला पत्रा. ट्रेनिंगच्या मशीनमध्ये आधी ते उरवड्याहून परत आलेलं गेमिंग कार्ड होतंच, त्यावर फिरवली. चालली. मग ए-४००, चार जीबीचं छोटं कार्ड घातलं. तेवढीच चालली, कडा थोड्या स्वच्छ. कार्ड पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर गेलं नाही. पत्रा उलगडून सपाट करायची कमांड दिली की मात्र एक कोअर माथ्याला टेकायचा, कार्ड कुठलंही असो.

काका बाजूला उभे राहून आलेख बघत होते. त्यांना टास्क मॅनेजर काय माहीत. पण म्हणाले, "म्हंजी बैल येकच वढतोय, आनि तुमी गाडीला चाकं सोन्याची लावताय."

मग ए-४०० घेतलं, कारण वर्कशॉपच्या सपोर्टसाठी यादीतलं कार्ड हवंच होतं आणि पन्नास वॅट ताम्हिणीला परवडत होते. प्रोसेसर एक पायरी वरचा. रॅम ३२ जीबी, दोन काड्या, दोन जागा मोकळ्या. पॉवर सप्लाय मात्र मी मुद्दाम मोठा घातला, उद्या कार्ड बदललं तर तो बदलावा लागू नये म्हणून. यूपीएस एक केव्हीएचा. सगळं मिळून ९४ हजार. वाचलेल्या पैशांतून काकांनी आधी घराचं अर्थिंग नव्याने करून घेतलं. हे मी सांगितलं नव्हतं, वायरमनने सांगितलं. मला सुचायला हवं होतं.

परवा तो मुलगा परत आला होता. वर्कशॉपने आता त्याला चारशे पार्टची असेंब्ली दिलीय आणि फिरवताना जरा जड जातं म्हणाला. कार्ड बदलू का, विचारत होता. या वेळी पेनड्राइव्ह खिशातच होता. पुढच्या व्हिडिओत तीच फाइल उघडून, त्याच्या परवानगीने, सगळे आलेख तुमच्यासमोर दाखवतो.